सम्राटाचे दानपत्र आणि व्याकरणाचा शिक्षक

आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी कायद्याच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या पावसाळ्यात ती आपल्या अभ्यासक्रमाचा कागद घेऊन भेटावयास आली. ‘चिकित्सक सिद्धान्त, कायदा आणि साहित्य’ असे त्यातील एका विषयाचे नाव होते. “फादर, वकिलाने नाटके-कादंबऱ्या कशाला वाचायच्या?” हा तिचा प्रश्न होता, आणि या विषयाचा पुढे नोकरीला काही उपयोग आहे काय, ही सोबत आलेल्या तिच्या वडिलांची चिंता होती. वडिलांचे समाधान मला करता आले नाही. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र मनात घोळत राहिले, आणि त्यातूनच हा लेख लिहावयास घेतला.

हा विषय अमेरिकेत जन्मला, असे तिला वर्गात सांगण्यात आले होते. ते अगदीच चूक नाही. न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी १९२५ साली ‘कायदा आणि साहित्य’ या नावाचा निबंध लिहिला. १९७३ मध्ये जेम्स बॉइड व्हाइट या प्राध्यापकांचा, कायद्याच्या विद्यार्थ्यांना वाचायला आणि लिहायला शिकवणारा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि तेथून हा विषय विद्यापीठांत रुळला. फ्रेंच तत्त्वचिंतक जाक देरिदा यांनी १९८९ साली न्यूयॉर्कच्या एका कायदा महाविद्यालयात येऊन कायदा आणि न्याय यांतील अंतरावर व्याख्यान दिले, तेव्हा चिकित्सक सिद्धान्तही त्याच्या जोडीला आला. परंतु कायद्याचा कागद साहित्याच्या शिक्षकाने हाती घ्यावा, त्यातील शब्द न् शब्द तपासावा आणि त्या तपासणीने जगातील एका मोठ्या सत्तेचा आधार डळमळावा, ही घटना अमेरिकेचा शोध लागण्यापूर्वीची आहे. ती इटलीत घडली. आणि ज्या सत्तेचा तो कागद होता, ती सत्ता म्हणजे आपलीच ख्रिस्तसभा होय.

सेमिनरीत आम्हांला ख्रिस्तसभेचा इतिहास शिकविला गेला तेव्हा हे प्रकरण एका परिच्छेदात आटोपले होते. शिकविणाऱ्यांनी काही लपविले असे मी म्हणणार नाही. त्यांना पुढे ट्रेंटच्या परिषदेपर्यंत पोहोचावयाचे होते. पण त्या एका परिच्छेदाने मला जी रुखरुख लावली, ती आजवर गेलेली नाही.

त्या काळातील कायद्याचा वर्ग प्रथम डोळ्यांसमोर आणला पाहिजे. बाराव्या शतकापासून बोलोन्याच्या विद्यापीठात सम्राट जस्टिनियनने सहाव्या शतकात संकलित करविलेला रोमन कायदा शिकविला जात असे. त्याच नगरात ११४० च्या सुमारास ग्रेशियन याने ख्रिस्तसभेच्या नियमांचे मोठे संकलन सिद्ध केले व तेही पाठ्यपुस्तक बनले. पानाच्या मध्यभागी मूळ संहिता, तिच्या चारही बाजूंनी बारीक अक्षरात टीपा आणि त्या टीपांवर पुन्हा भाष्ये, असे त्या हस्तलिखितांचे रूप असे. हळूहळू संहिता लहान व भाष्य मोठे होत गेले. चौदाव्या शतकातील बार्तोलुस हा पंडित तर इतका थोर मानला गेला की त्याचे मत म्हणजे जणू कायदाच. विद्यापीठात कायद्याच्या प्राध्यापकांचा मान मोठा आणि वेतनही मोठे. भाषा आणि वक्तृत्व शिकविणारा शिक्षक त्यांच्या पंगतीत अगदी शेवटी. (ही पंगत अजून फारशी बदललेली नाही, हे मुलीच्या वडिलांच्या चिंतेवरून दिसतेच.)

अशा वातावरणात १४३१ साली पाव्हियाच्या विद्यापीठात वक्तृत्वशास्त्राचा एक तरुण शिक्षक रुजू झाला. लोरेन्झो वाल्ला हे त्याचे नाव. वय चोवीसच्या आसपास. तो जन्माने रोमचा. वडील पोपच्या दरबारातील वकील. म्हणजे कायद्याची भाषा त्याने घरीच ऐकली होती. जुन्या रोमन विधिज्ञांचे लॅटिन त्याला मनापासून आवडे, ते शुद्ध आणि नेमके आहे असे तो पुढे आवर्जून लिहितो. त्याचा राग होता तो भाष्यकारांवर. एके दिवशी तेथील एका विधिज्ञाने, बार्तोलुसची ढाली-निशाणांच्या चिन्हांवरील एक चिमुकली पुस्तिका ही सिसरोच्या समग्र ग्रंथांपेक्षा मोलाची आहे, असे विधान केले. वाल्लाने ती पुस्तिका मिळविली आणि घाईघाईने तिच्यावर एक जहरी पत्र लिहून काढले. पुस्तिकेच्या शीर्षकातच विभक्तीची चूक आहे, येथपासून त्याने सुरुवात केली! ज्याला ‘चिन्ह’ या शब्दाचे रूप चालविता येत नाही तो चिन्हांचा कायदा काय सांगणार, असा त्याचा रोख. कायद्याची विद्याशाखा खवळली आणि १४३३ मध्ये वाल्लाला पाव्हिया सोडावे लागले.

हा माणूस प्रेमळ नव्हता, हे येथेच सांगून टाकतो. त्याची जीभ तिखट, भांडणे अखंड. त्याच्या सोबत एका फादरवाडीत राहणे कोणा धर्मगुरूला जड गेले असते. पण त्या पत्रात एक मोठा विचार दडलेला होता: शब्दांना इतिहास असतो, आणि कायदा हा शब्दांचाच बनलेला असल्यामुळे तोही त्या इतिहासाच्या बाहेर राहू शकत नाही.

सात वर्षांनी, १४४० मध्ये, हाच विचार त्याने एका दानपत्राला लावला.

ते दानपत्र सम्राट कॉन्स्टंटाइन याच्या नावचे आहे. त्यातील कथा अशी: सम्राटाला कुष्ठरोग झाला, पोप सिल्व्हेस्टर यांच्या हातून बाप्तिस्मा घेताच तो बरा झाला, कृतज्ञतेने त्याने पोपना लॅटरनचा राजवाडा, सम्राटाची वस्त्रे व मुकुट, रोम नगर, इटली आणि पश्चिमेकडील सर्व प्रांत देऊन टाकले आणि स्वतः पूर्वेकडे निघून गेला. आज आपण जाणतो की कॉन्स्टंटाइनचा बाप्तिस्मा त्याच्या अखेरच्या आजारपणात, इ. स. ३३७ मध्ये झाला आणि तोवर सिल्व्हेस्टर निवर्तले होते. दानपत्र तयार झाले ते चारशेहून अधिक वर्षांनंतर, आठव्या शतकात. नवव्या शतकात ते एका बनावट नियमसंग्रहात शिरले आणि पुढे ग्रेशियनच्या संकलनालाही जोडले गेले. अशा मागाहून जोडलेल्या उताऱ्यांना तेथे ‘पालेआ’ म्हणतात, आणि लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ होतो भुसा. तरीही शतकानुशतके हा भुसा धान्याच्या भावाने विकला गेला. अकराव्या शतकात नवव्या लिओ पोपनी कॉन्स्टॅन्टिनोपलच्या कुलगुरूंशी वाद करताना त्याचा आधार घेतला. कवी दान्ते याला हे दान ख्रिस्तसभेच्या दुर्दैवाचे मूळ वाटे; सम्राटाला साम्राज्य असे वाटून टाकण्याचा अधिकारच नव्हता, असा युक्तिवादही त्याने केला. पण कागद खोटा असेल असे त्याच्याही मनात आले नाही.

आता वाल्लाची पद्धत पाहू. ती आपल्या वाचकांना कळावयास मुळीच अवघड नाही, कारण जमिनीचे कागद आपण सर्वांनीच हाताळले आहेत. समजा, कोणी १९५० सालचे म्हणून एक खरेदीखत पुढे केले आणि त्यात मिळकतीचा पत्ता ‘जिल्हा पालघर’ असा लिहिलेला असला, तर तलाठ्यालाही हसू येईल. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी. शिक्का जुना असो, कागद पिवळा असो, एवढ्या एका शब्दाने खत निकालात निघते.

वाल्लाने नेमके हेच केले. दानपत्रात रोमच्या अधिकाराखालील धर्मपीठांच्या यादीत कॉन्स्टॅन्टिनोपलचे नाव आहे. पण दान दिले असे म्हणतात तेव्हा तेथे कॉन्स्टॅन्टिनोपल नव्हतेच. होते ते बायझँटियम. त्या नगराचे औपचारिक उद्घाटन झाले ३३० मध्ये. गंमत अशी की त्याच दानपत्राच्या शेवटी सम्राट म्हणतो, मी आता पूर्वेला जाऊन माझ्या नावाचे एक नगर वसविणार आहे! जे अजून वसावयाचे, तेथे धर्मपीठ कसे? तीच गोष्ट मुकुटाची. दानपत्रातील मुकुट शुद्ध सोन्याचा आणि रत्नजडित आहे. पण तेथे वापरलेला लॅटिन शब्द प्राचीन काळी कपाळाभोवती बांधावयाच्या वस्त्राच्या पट्टीला लावीत, हे वाल्लाने दाखवून दिले.

आणि ‘सत्रप’. सम्राट म्हणतो की हा निर्णय मी माझ्या सर्व सत्रपांसह घेतला. वाल्ला येथे अक्षरशः उसळतो. रोमन साम्राज्याच्या कारभारात सत्रप कोठून आले? सत्रप हा इराणी सम्राटांचा सुभेदार. आपल्याकडे नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांमुळे जो ‘क्षत्रप’ परिचित आहे, तो याच शब्दाचा भाऊ. कॉन्स्टंटाइनच्या कोणत्याही खऱ्या आदेशात असा अधिकारी सापडत नाही. आठव्या शतकातील रोममध्ये मात्र बड्या अधिकाऱ्यांना हा शब्द लावण्याची रीत होती, असे पुढील काळातील संशोधकांनी दाखविले. थोडक्यात, खोटा कागद लिहिणाऱ्याने अभावितपणे आपली जन्मतारीख त्यात लिहून ठेवली होती.

परंतु केवळ शब्दांची झडती घेऊन वाल्ला थांबला असता तर ते उत्तम व्याकरण झाले असते, साहित्य नव्हे. त्याने आपला ग्रंथ न्यायालयातील भाषणाच्या रूपात लिहिला आणि त्यात पात्रे उभी केली. सम्राटाचे पुत्र पित्यासमोर उभे राहतात आणि विचारतात: आम्ही काय अपराध केला म्हणून आमचा वारसा परक्याला? रोमन सेनेटचा प्रवक्ता उठतो आणि म्हणतो की आम्ही तुझी मालमत्ता नव्हे. शेवटी स्वतः पोप सिल्व्हेस्टर बोलतात आणि दान नाकारतात: ख्रिस्ताच्या सेवकाला राज्याचा हा भार कशाला? ही सर्व भाषणे वाल्लाने रचलेली आहेत. पण ती रचून त्याने जो प्रश्न विचारला तो कोणत्याही न्यायाधीशाला सुचावा असा होता. एवढे मोठे दान दिले गेले, तर कोणी हरकत घेतली नाही? ताबा कोणी घेतला? कोणते सुभेदार बदलले? पोपच्या नावाचे एखादे तरी नाणे त्या काळातले दाखवा! देणाऱ्याने देणे आणि घेणाऱ्याने घेणे, यांपैकी एकाचाही माग इतिहासात नाही. कल्पित भाषणांनी खोट्या कथेला उघडे पाडण्याचा हा प्रकार मला त्या संपूर्ण ग्रंथातील सर्वांत विलक्षण भाग वाटतो. माणसे प्रत्यक्षात कशी वागतात हे ज्याला कळते, त्यालाच कागदावरची माणसे खोटी आहेत हे ओळखू येते. त्या मुलीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर येथे आहे.

येथे एक खुलासा केला पाहिजे, नाहीतर आपण वाल्लाला हुतात्मा करून बसू. हा ग्रंथ त्याने लिहिला तेव्हा तो आरागॉनचा राजा आल्फोन्सो याच्या पदरी होता. आल्फोन्सोला नेपल्सचे राज्य हवे होते, आणि पोप चौथे युजीन त्याच्या प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने होते. पोपच्या ऐहिक सत्तेचा आधार खोटा ठरणे राजाला हवेच होते. वाल्लाची भाषाही तशीच आहे. पोपना उद्देशून त्याने वापरलेली काही विशेषणे मी येथे उतरवू इच्छीत नाही. त्याच्या आधी, १४३३ मध्ये, निकोलस ऑफ कूसा या जर्मन विद्वान धर्मगुरूंनी हे दानपत्र विश्वसनीय नाही असे शांतपणे लिहून ठेवले होते. जुन्या इतिहासकारांत कोठेही त्याचा उल्लेख नाही, एवढाच त्यांचा पुरावा होता. पुढे ते कार्डिनल झाले. सत्य तेच, एकाने ते ग्रंथालयात सांगितले, दुसऱ्याने राजाच्या छावणीतून. तरीही छावणीतून सांगितले म्हणून ‘सत्रप’ हा शब्द काही रोमन ठरत नाही.

१४४४ मध्ये वाल्लावर खटला भरण्याची वेळ आली, पण दानपत्रावरून नव्हे. एका फ्रान्सिस्कन प्रवचनकाराने, प्रेषितांच्या श्रद्धांगीकारातील एकेक वाक्य एकेका प्रेषिताने रचले आहे, असे लोकांना सांगितले. वाल्लाने ते नाकारले आणि जोडीला ग्रेशियनच्या संकलनातील एक उताराही दुरुस्त करावा असा आग्रह विधिज्ञांकडे धरला. नेपल्सच्या धर्मन्यायालयापुढे तो उभा राहिला. माता ख्रिस्तसभा जे मानते ते मी मानतो, असे त्याने सांगितले आणि राजाच्या मध्यस्थीने तो सुटला.

यापुढील गोष्ट मात्र आम्हांला त्या एका परिच्छेदात कोणी सांगितली नव्हती. १४४७ मध्ये पाचवे निकोलस पोप झाले. ग्रंथांचे वेड असलेला हा माणूस. व्हॅटिकन ग्रंथालयाचा पाया त्यांनी घातला. त्यांनी वाल्लाला रोमला बोलावून १४४८ मध्ये आपल्या दरबारात लेखनिक नेमले. १४५० पासून तो रोमच्या विद्यापीठात पुन्हा वक्तृत्वशास्त्र शिकवू लागला. पोपच्या सांगण्यावरून त्याने थ्युसिडिडिसचा इतिहास लॅटिनमध्ये उतरविला. पुढील पोप तिसरे कॅलिक्स्टस यांनी त्याला प्रेषितीय सचिव केले. आणि लॅटरनच्या संत योहान बॅसिलिकेत त्याला कॅननचे पद मिळाले. ज्या लॅटरनच्या दानाची कथा त्याने खोटी ठरविली, तेथेच! १४५७ साली तो वारला आणि तेथेच त्याला मूठमाती मिळाली. दानपत्रावरील ग्रंथ त्याने मागे घेतला नाही. तो मागे घ्यावा अशी अटही त्याला नोकरी देताना घातली गेली नाही.

त्याच्या मृत्यूनंतर त्याची पुस्तके अधिक बोलू लागली. लॅटिन भाषेच्या सौंदर्यावरील त्याचे पाठ्यपुस्तक १४७१ मध्ये छापले गेले आणि पुढील साठ-पासष्ट वर्षांत त्याच्या पन्नासहून अधिक आवृत्त्या निघाल्या. नव्या कराराच्या लॅटिन भाषांतरावरील त्याच्या टीपांचे हस्तलिखित १५०४ मध्ये लूव्हेनजवळच्या एका मठात इरॅस्मसच्या हाती लागले आणि पुढच्याच वर्षी त्याने ते छापले. फ्रान्समधील बूर्ज येथे १५२९ पासून आंद्रेआ आल्चियातो कायदा शिकवू लागला, तो भाषा आणि इतिहास यांच्या साहाय्यानेच. पाव्हियाचा हाकललेला शिक्षक अशा रीतीने कायद्याच्या वर्गात मागच्या दाराने परतला. दानपत्रावरचा ग्रंथ मात्र उलरिख फॉन हुटेन या जर्मन सरदाराने छापला आणि १५२० च्या आरंभी तो ल्यूथरच्या वाचनात आला. त्याला धक्का बसला, व त्याचा परिणाम आपण जाणतोच. त्याच सुमारास व्हॅटिकनमध्ये राफाएलचे शिष्य एका दालनाच्या भिंतीवर सम्राट पोपना रोम दान देत असल्याचे भव्य चित्र रंगवीत होते. पुढे सोळाव्या शतकातच वाल्लाचा ग्रंथ निषिद्ध पुस्तकांच्या यादीत गेला. आणि त्याच शतकाच्या अखेरीस कार्डिनल बरोनियस यांनी ख्रिस्तसभेचा इतिहास लिहिताना दानपत्र बनावट असल्याचे मान्य केले. निषेध आणि मान्यता यांत अर्धशतकाचेही अंतर नाही. मला वाटते, ल्यूथरच्या हाती पडण्यापूर्वीच्या ऐंशी वर्षांत ते आपणच मोकळेपणाने मान्य केले असते तर पुष्कळ कटुता टळली असती.

येथे लेख संपवावा असे मनात होते. परंतु मुलीला हे सारे सांगितल्यावर तिने दुसरा प्रश्न विचारला आणि त्याने मला गप्प केले. “फादर, कागद खोटा निघाला तर टाकून देता येतो. पण कागद खरा असेल आणि त्यात लिहिलेलेच अन्यायाचे असेल तर?”

असा कागद आहे. वाल्लाला आश्रय देणाऱ्या त्याच पाचव्या निकोलस पोपनी ८ जानेवारी १४५५ रोजी पोर्तुगालच्या राजाला एक आज्ञापत्र दिले. त्यात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील बिगर-ख्रिस्ती लोकांच्या भूमी जिंकण्याचा आणि त्या माणसांना कायमचे गुलाम करण्याचा अधिकार आहे, आणि हिंदी लोकांपर्यंत पोहोचण्याच्या आशेचाही उल्लेख आहे. पुढच्याच वर्षी कॅलिक्स्टस पोपनी थेट हिंदपर्यंतचा धार्मिक अधिकार पोर्तुगालच्या ऑर्डर ऑफ क्राइस्टला दिला. ज्याला आपण पाद्रुआदो म्हणतो, त्याची मुळे या कागदांत आहेत. १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशाहाने वसई पोर्तुगीजांना दिली, तेव्हा त्यांच्या गलबतांतून आलेले धर्मगुरू याच व्यवस्थेखाली आले. आपल्या पूर्वजांना सुवार्ता मिळाली ती या मार्गाने, आणि त्याबद्दल मी रोज कृतज्ञ आहे. पण त्या आज्ञापत्रातील लॅटिन निर्दोष आहे. त्यात एकही ‘सत्रप’ नाही. वाल्ला तेव्हा त्याच दरबारात लेखनिक होता. त्याची पद्धत त्या कागदाला लावली असती तर कागद शंभर टक्के खरा ठरला असता.

तेथे दान्तेचा जुना प्रश्नच विचारावा लागतो: जे देणाऱ्याचे नाही, ते त्याने दिले कसे? ३० मार्च २०२३ रोजी परमधर्मपीठाच्या दोन विभागांनी संयुक्त निवेदन काढून, अशा आज्ञापत्रांवर उभारलेला ‘शोधाचा सिद्धान्त’ हा कॅथलिक ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीचा भाग नाही, असे जाहीर केले आणि त्या कागदांत मूळ रहिवाशांची समान प्रतिष्ठा पुरेशी जपली गेली नव्हती, हे मान्य केले. मध्ये पाचशे अडुसष्ट वर्षे गेली.

निवेदनाची प्रत मी त्या मुलीला दिली. तिने ती लगेच वाचावयास घेतली, आणि वाचता वाचता हातातल्या पेन्सिलीने एका शब्दाखाली रेघ ओढली.